जीवशास्त्रात संशोधन हे बक्षीस कशाला?

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवी चार वर्षांची केली आणि चौथ्या वर्षाला दोन फाटे फोडले. एक साध्या ऑनर्सचा, दुसरा संशोधनासह ऑनर्सचा. दुसऱ्या फाट्याला वळायचे तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत निदान ७५ टक्के गुण पाहिजेत; ते असले की १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करता येतो. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी त्याच्या पुढच्या वर्षापासून हा आराखडा लागू केला, तेव्हा चौथ्या वर्षाचा प्रश्न आता दारात येऊन उभा आहे. भौतिकशास्त्राचे, अर्थशास्त्राचे काय करायचे ते त्या विषयांतल्या लोकांनी सांगावे. जीवशास्त्राबाबत माझे म्हणणे सरळ आहे. ७५ टक्क्यांची अट रद्द करा, आणि संशोधनासाठी चौथे वर्ष उजाडायची वाट बघू नका. सरकारी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला आलेल्या प्रत्येक मुलामुलीने एफवायच्या पहिल्या सत्रापासून असा निदान एक प्रश्न हाताळावा, ज्याचे उत्तर शिकवणाऱ्यालाही ठाऊक नाही.

‘आधी पाया पक्का होऊ द्या’ हा यावरचा ठरलेला आक्षेप. तो पाया कसा घातला जातो, ते आधी पाहिले पाहिजे.

प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकल परीक्षेत स्पॉटिंग नावाचा प्रकार असतो. टेबलांवर क्रमांक लावलेल्या बरण्या. आत फॉर्मॅलिनमध्ये वर्षानुवर्षे पडून रंग उडालेला तारामासा, समुद्रघोडा, फीतकृमी. मध्येच एखाद्या मायक्रोस्कोपखाली बसवलेली स्लाइड. ओळखा, वर्गीकरण लिहा, दोन लक्षणे लिहा. घंटा वाजली की पुढचा स्पॉट. बरण्या दरवर्षी त्याच असल्यामुळे मुले प्राण्यापेक्षा झाकणावरचा गंज जास्त नीट ओळखतात, अशी थट्टा चालते आणि तिच्यात थट्टेचा भाग कमीच आहे. वर्षभराच्या प्रॅक्टिकलचीही हीच गत. कांद्याच्या मुळाचे टोक काचेवर चेपून (स्क्वॅश करून) पेशीविभाजनाच्या अवस्था शोधायच्या. रंग नीट चढला नाही, पेशी एकावर एक आल्या, काहीच धड दिसले नाही, तरी जर्नलमध्ये पुस्तकातली सुबक आकृतीच उतरते, कारण सही त्याच आकृतीवर मिळते. एखाद्या मुलीने ‘मला हेच दिसले’ म्हणून तिच्या स्लाइडमधला गिचमिड काला काढून दिला, तर जर्नल परत येईल. तीन वर्षे आपण मुलांना डोळ्यांपेक्षा पुस्तकावर विश्वास ठेवायला शिकवतो, त्यात जे सर्वांत तरबेज होतात त्यांना ७५ टक्के देतो, आणि मग म्हणतो की आता तुम्ही संशोधनाला लायक झालात.

ही मुले येतात कुठून, हेही पाहायला हवे. २०२४ मध्ये नीटसाठी २४ लाखांवर नोंदणी झाली. एमबीबीएसच्या जागा देशभरात लाखाच्या थोड्या वर. नीटच्या ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, म्हणून अकरावी-बारावीची दोन वर्षे एनसीईआरटीची ओळ न् ओळ पाठ करण्यात जातात. बीएस्सीच्या वर्गात बसलेल्या अनेकांच्या दृष्टीने ते तिथे असणे हाच एक पराभव असतो. त्यांना जीवशास्त्र हा चार पर्यायांतला एक निवडण्याचा विषय म्हणून भेटलेला असतो. सगळे आधीच कुणाला तरी कळलेले आहे आणि आपले काम ते लक्षात ठेवण्याचे, ही समजूत मोडायची असेल तर ती पहिल्याच सत्रात मोडली पाहिजे. चौथ्या वर्षापर्यंत ती हाडीमाशी खिळते.

विच्छेदन बंद झाले तेव्हा एक संधी चालून आली होती. आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितले आणि २०१४ मध्ये ते बंदच केले. बेडूक, झुरळ, उंदीर प्रयोगशाळेतून गेले. त्यावर हळहळणारे प्राध्यापक अजून भेटतात. मला त्यांचे दुःख अर्धेच पटते. हातात चिमटा धरून खरे शरीर उघडून बघण्याला पर्याय नाही, हे मान्य. पण बेडकाची पचनसंस्था कशी असते हे माहीत असताना ती पुन्हा तशीच आहे याची खात्री करण्यासाठी दरवर्षी इतके बेडूक मारणे हाही उत्तर पाठ असलेलाच प्रयोग होता. त्या रिकाम्या झालेल्या तासांत काहीतरी जिवंत, न सुटलेले आणता आले असते. अनेक ठिकाणी आपण तक्ते आणि सीडी आणल्या.

आता एका वांग्याची गोष्ट. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या सरकारी विद्यापीठात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने कंपोस्टच्या ढिगातल्या कुजक्या वांग्याच्या खालच्या बाजूचा नमुना घेतला आणि त्यातून एक विषाणू वेगळा केला. हा विषाणू माणसाला काही करत नाही, तो जिवाणूंना मारतो. अशांना जिवाणूभक्षक किंवा फाज म्हणतात. तिने त्याचे नाव ठेवले ‘मडी’. हे काम ज्या पद्धतीने झाले तिच्यामागे अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाचे ग्रॅहम हॅटफुल आहेत. याच पद्धतीवर २००८ पासून तिथे एक मोठा अभ्यासक्रम उभा राहिला, आणि आता शंभराहून अधिक महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाची मुले तो करतात.

पद्धत इतकी साधी आहे की आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात जमावी. माती आणायची, द्रावणात ढवळायची, बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून गाळायची. जिवाणू वर अडकतात, फाज खाली उतरतात. ते गाळलेले द्रावण क्षयाच्या जिवाणूच्या एका निरुपद्रवी भाऊबंदात मिसळून अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर, ओतायचे. जिवाणूंचा थर वाढला की त्यात कुठे कुठे स्वच्छ ठिपके दिसतात, म्हणजे तिथे फाजने जिवाणू खाल्लेले असतात. ठिपका उचलायचा, शुद्ध करायचा, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याचा फोटो घ्यायचा, डीएनए काढायचा. दुसऱ्या सत्रात संगणकावर त्याची जनुके ओळखायची. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आणि डीएनएचे वाचन बाहेरून करून आणावे लागते, बाकी सगळे पेट्री डिशमध्ये. आणि प्रत्येकाला सापडलेला फाज बहुधा नवाच असतो, कारण मातीत त्यांना अंत नाही.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात सिस्टिक फायब्रोसिस ह्या फुप्फुसे निकामी करणाऱ्या आनुवंशिक आजाराची एक १५ वर्षांची मुलगी होती. फुप्फुसे बदलल्यानंतर तिच्या शरीरात आधीपासूनच असलेल्या अशा जिवाणूचा संसर्ग पसरला, ज्याच्यापुढे प्रतिजैविके हरली. हॅटफुल यांच्याकडे विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या हजारो फाजांचा साठा होता. त्यातून तीन उपयोगी निघाले. दोघांच्या जनुकांत थोडा फेरफार करावा लागला; वांग्यावरचा मडी आहे तसाच चालला. तिघांचे मिश्रण तिला देण्यात आले आणि तिची प्रकृती पुढच्या महिन्यांत लक्षणीय सुधारली. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. संसर्ग पूर्ण नाहीसा झाला असे नव्हे, आणि फाज म्हणजे रामबाण असेही नव्हे. पण तो साठा तयार करणाऱ्या एफवायच्या पोरांना कुणी ७५ टक्क्यांचा दाखला मागितला नव्हता.

आपल्याकडे हे नवीनही नाही. १८९६ मध्ये आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात हे नोंदवले होते, ते फाजांच्या शोधाच्या कितीतरी आधी. (हा संदर्भ आता गंगाजलाच्या महतीसाठी व्हॉट्सअॅपवर फिरतो, पाण्यात नक्की काय होते हा प्रश्न मात्र त्याच्यासोबत फिरत नाही.) जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव भारतात आहेत. त्या जिवाणूच्या भाऊबंदावर वाढणारे फाज शोधणे हे आमच्या मुलांचे काम नसेल तर कुणाचे?

विद्यापीठाच्या साध्या विभागात मोठे काम होत नाही, असे मानणाऱ्यांनी धोतऱ्याकडे पाहावे. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी धोतऱ्याचे परागकोश पोषक माध्यमावर वाढवले आणि परागकणांपासून थेट भ्रूण तयार झाले. गुणसूत्रांचा एकच संच असलेली रोपे हाती आली. तो संच दुप्पट केला की शुद्ध वाण एका पिढीत मिळतो. नेहमीच्या पद्धतीने त्याला सहा-सात पिढ्या लागतात. जगभरच्या भात-गव्हाच्या पैदासकारांनी ही युक्ती उचलली. त्याच्याही आधी, १९११ च्या सुमारास, मालवणात जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात होते, तेव्हा त्यांना सह्याद्रीतल्या नदीत गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. जेलीफिश म्हणजे समुद्राचा जीव, हे पुस्तकात लिहिलेले होतेच. पुढे कोलकाता विद्यापीठात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवले आणि १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन केली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने तर आपल्या दारातला सह्याद्रीच विषय म्हणून घेतला. कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जाती कड्याकपारीतून शोधणे, वाढवणे, परत जंगलात लावणे हे काम तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागाने केले, एका राज्य विद्यापीठाने.

तरीही ही उदाहरणे अपवादासारखी वाटतात, त्याचे कारण आपण स्वातंत्र्यानंतर केलेल्या वाटणीत आहे. शिकवणे विद्यापीठांकडे, शोधणे राष्ट्रीय प्रयोगशाळांकडे. पुण्यात ही वाटणी एका रस्त्यावर दिसते. गणेशखिंडीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तिथून पाषाण रस्त्याला लागले की राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, तिच्या शेजारी २००६ मध्ये सुरू झालेली आयसर, म्हणजे केंद्राची विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. जुन्नर किंवा संगमनेरच्या महाविद्यालयातला बीएस्सीचा विद्यार्थी ह्या रस्त्यावर आला तर बहुधा परीक्षा विभागाच्या खिडकीसाठी येतो. आयसरबद्दल मला आदरच आहे. शिकणे आणि शोधणे एकाच छताखाली असावे, कोवळ्या वयातच मुलांनी प्रयोगशाळेत हात घालावा, ह्याच विचाराने ती काढली गेली. म्हणजे तत्त्व सरकारला मान्य आहे. फक्त ते दरवर्षी निवडलेल्या काही शे मुलांपुरते मान्य आहे. राज्य विद्यापीठांतल्या लाखोंसाठी बरण्या आहेत. ७५ टक्क्यांची अट म्हणजे हीच चाळणी आता प्रत्येक महाविद्यालयाच्या आत बसवणे.

चाळणीतून कोण खाली पडते? यवतमाळचा एक मुलगा घ्या. घरची कपाशी. वर्गात त्याला नैसर्गिक निवडीचे उदाहरण म्हणून इंग्लंडमधल्या काळ्या-पांढऱ्या पतंगाची गोष्ट शिकवतात. धुरकट झाडांवर काळा पतंग कसा टिकला वगैरे. बीटी कापसाला परवानगी मिळाली २००२ मध्ये. बीटीच्या विषाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी काही वर्षांतच दिसू लागली आणि २०१७ मध्ये तिने विदर्भातली कपाशी पोखरून काढली. निवडीचा दाब, प्रतिकारक्षमता, ती लांबवण्यासाठी पिकाभोवती लावायच्या नॉन-बीटी बियाण्याची पुडी बांधावरच पडून राहिल्याचे परिणाम, हे सगळे त्याच्या वडिलांच्या रानात घडले. उत्क्रांतीचा याहून स्पष्ट धडा मिळायचा नाही. मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे कामगंध सापळे लावून दर आठवड्याला बोंडअळीचे पतंग मोजणे, वेगवेगळ्या गावांतली बोंडे चिरून अळ्यांची नोंद ठेवणे, पेरणीची तारीख आणि प्रादुर्भाव यांचा संबंध बघणे, हे एफवायचा विद्यार्थी करू शकतो आणि त्याच्या वर्गातली तीस मुले तीस गावांत करू शकतात. ह्या मुलाला स्पॉटिंगमध्ये साठ टक्के पडतील. प्रश्न विचारण्याच्या बाबतीत तो शहरातल्या ९० टक्केवाल्याच्या पुढे असू शकेल, पण ते कळायचा मार्गच आपण ठेवलेला नाही.

आक्षेपांपैकी दोन गंभीर आहेत. पहिला दर्जाचा. सगळ्यांनाच संशोधन करायला लावले तर कचरा तयार होईल, ही भीती खोटी नाही. आयोगाने २०१८ मध्ये मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात काढली. त्याच वर्षी पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या हजारभर नियतकालिकांची तपासणी केली, तेव्हा ८८ टक्के निकषांत बसली नाहीत. पैसे भरून पेपर छापण्याचा हा बाजार बढती आणि पीएचडीसाठी पेपर सक्तीचे केल्यामुळे फोफावला. शिवाय बारावीचा पर्यावरण प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो, हे प्रत्येक पालकाला माहीत आहे. पण ह्या दोन्ही ठिकाणी गुण असतात ते शेवटच्या गुळगुळीत कागदाला. गुण कच्च्या वहीला द्या. तारीख, वेळ, जागा, काय दिसले, काय फसले. पेपरची सक्ती कुणावरही नको. मुलांच्या नोंदी एका सामायिक संचात जमा होऊ द्या. देशातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा २०२३ चा अहवाल सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे आणि ९४२ जातींबद्दल बोलतो. त्यातल्या बहुतेकांकडे जीवशास्त्राची पदवी नसेल. साधी नोंद, नीट घेतली आणि एकत्र ठेवली, तर तिचे विज्ञान होते.

लोणारचेच बघा. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, बातम्या झाल्या, उच्च न्यायालयाने विचारणा केली, नमुने पुण्याला आघारकर संशोधन संस्थेत आणि नागपूरला नीरी ह्या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत गेले. खारट पाण्यात वाढणाऱ्या आर्किया गटातल्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला, असे आघारकर संस्थेने सांगितले. अशा वेळी सर्वांत मोलाची असते ती दर महिन्याची सलग नोंद: क्षारता, पीएच, पाण्याची पातळी, मायक्रोस्कोपखाली काय दिसते. ती ठेवायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. जवळचे महाविद्यालय, दोन उपकरणे आणि दरवर्षी नव्याने येणारा एफवायचा वर्ग लागतो. मुंबई-पुण्याच्या संस्थांना लोणार लांब पडते, बुलढाण्याच्या मुलांना नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आणि तिथे मात्र माझ्याकडे सोपे उत्तर नाही. संशोधनासह ऑनर्स सुरू करायला विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत, असा आयोगाचा नियम आहे. नियम रास्त आहे. पण राज्यात ठिकठिकाणी विज्ञानाचे विभाग सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. तासाला मोजून मानधन, सत्र संपले की नेमणूक संपली, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. सापळ्यांतले पतंग पाच वर्षे मोजायचे असतील तर पाच वर्षे टिकणारा माणूस हवा. तालुक्याच्या गावात ८५ टक्के मिळवलेल्या मुलीलाही संशोधनाचा फाटा बंदच राहणार, कारण तिच्या महाविद्यालयात कायम मार्गदर्शकच नाहीत. सीएचबीवरच्या अनेकांकडे नेट-सेट आणि पीएचडी दोन्ही आहेत, हे वर आणखी. देश सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो. त्यातले राज्य विद्यापीठांच्या पदवी वर्गापर्यंत काय झिरपते ते कुठल्याही तालुक्याच्या प्रयोगशाळेत जाऊन मायक्रोस्कोप मोजले की कळते. केंद्राच्या नव्या अनुसंधान प्रतिष्ठानने बड्या संस्थांना केंद्रस्थानी ठेवून विद्यापीठांना त्यांच्याशी जोडण्याची योजना काढली आहे. उपकरणे वाटून घ्यायला ती बरी. पण प्रश्न बड्या संस्थेने ठरवायचे आणि नमुने आणून द्यायचे काम तालुक्याने करायचे, असे तिचे होऊ नये.

जागा भरणे मंत्रालयाच्या हातात आहे आणि त्यासाठी भांडावे लागेल. काही गोष्टींना मात्र मंत्रालय लागत नाही. अभ्यास मंडळे आपापल्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलचा एक पेपर स्थानिक प्रश्नासाठी मोकळा करू शकतात. स्पॉटिंगचे निम्मे गुण काढून वहीला देऊ शकतात. एक्सटर्नलला सांगू शकतात की आकृती सुबक आहे का ते बघू नका. वहीतले कुठलेही पान उघडा आणि विचारा की १४ ऑगस्टला सापळ्यात एकदम इतके पतंग कसे काय आले, आणि मुलाने ‘माहीत नाही, पण आदल्या दिवशी पाऊस उघडला होता, पुढच्या वर्षी बघणार आहे’ असे सांगितले तर पूर्ण गुण द्या.